‘पिक अप’ची फाईल

मला ज्या गोष्टींची भीती वाटते त्यांची यादी लांब आहे. पाल, दातांचे डॉक्टर, धौला कुआंच्या चौकात पायी रस्ता ओलांडणं आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाई. पण या सगळ्यांच्या वर, अगदी सिंहासनावर बसल्यासारखं, एक इंग्रजी क्रियापद बसलेलं आहे. दोन शब्दांचं, दिसायला अगदी गरीब. पिक अप. तुम्ही हसणार हे मला माहीत आहे. मीही आता हसते. तेव्हा मात्र त्या दोन शब्दांनी माझी झोप, भूक आणि जवळजवळ दिल्लीच हिरावून घेतली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाबा एका केंद्रीय मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात कढीपत्ता. मी चार महिन्यांची असताना आईच्या मांडीवर बसून साताऱ्याहून दिल्लीला आले, ती इथलीच झाले. सातारा म्हणजे मे महिना, आंबे आणि ‘ही पोरगी हिंदीत भांडते’ असं कौतुकाने सांगणाऱ्या मावश्या. बाबांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. निवृत्ती आली की क्वार्टर सोडावं लागतं, आणि क्वार्टर सुटलं की आई-बाबा साताऱ्याला परतणार हे माझ्या जन्माआधीपासून ठरलेलं होतं. माझं काय, एवढाच प्रश्न बाकी होता. साताऱ्याच्या मावशीने तोही सोडवत आणला होता. साखर कारखान्यात केमिस्ट असलेलं एक स्थळ तिने पाहून ठेवलं होतं आणि त्याचा फोटो आमच्या आरशाच्या कडेला खोचलेला होता. मी केस विंचरताना तो माझ्याकडे बघायचा.

आईने अट साफ सांगितली होती. “सामान ट्रकमध्ये चढायच्या आत तुला पक्की नोकरी लागली, तर राहा. नाही लागली, तर सामानाबरोबर तूही.”

तेव्हा गुडगावात काचेच्या इमारती उगवू लागल्या होत्या. एक इमारत, मग मोहरीचं शेत, मग दुसरी इमारत. त्यातल्या एकीत एका परदेशी कंपनीचं नवं ऑफिस उघडलं होतं आणि मला तिथे प्रशिक्षणासाठी निवडलं होतं. इंग्लंडमध्ये कुणाचं वॉशिंग मशीन बिघडलं की त्याने फोन करायचा आणि तो गुडगावात वाजायचा, असं ते काम.

बाबांना ते काही केल्या पटेना. “मशीन तिकडे, मालक तिकडे, मेकॅनिकही तिकडे. मग तू इथे बसून करणार काय?”

“समजूत काढणार.”

“अच्छा. म्हणजे ग्रीव्हन्स सेल,” ते म्हणाले आणि निवांत झाले. कुठल्याही गोष्टीला सरकारी नाव मिळालं की बाबांची शंका फिटते.

सहा आठवड्यांचं प्रशिक्षण, वीस जण, आणि शेवटी परीक्षेचा एक फोन. इंग्लंडहून तिकडचे एक साहेब गिऱ्हाईक बनून बोलणार. त्यांनी हो म्हटलं तर नोकरी पक्की, नाही म्हटलं तर नमस्ते.

शिकवणाऱ्या मॅडम लाजपत नगरच्या होत्या, उंच, आवाज लाऊडस्पीकरचा. त्यांनी पहिल्याच दिवशी काचेचं एक भांडं फिरवलं. त्यात चिठ्ठ्या होत्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक इंग्रजी जोडक्रियापद. जे निघेल ते तुमचं. त्याचे जितके अर्थ असतील तितके तुम्हाला पाठ हवेत, आणि मॅडम कधीही, कुठेही, अगदी कँटीनच्या रांगेतसुद्धा विचारणार. “अंग्रेज़ आपसे डिक्शनरी वाली अंग्रेज़ी नहीं बोलेगा, वो यही बोलेगा,” त्या म्हणाल्या. आठवडाभरात आमची नावं गळून पडली आणि आम्ही आपापल्या क्रियापदांनी ओळखले जाऊ लागलो. जनकपुरीची एक मुलगी ‘ब्रेक डाउन’ होती आणि दर दोन दिवसांनी नावाला जागायची. रोज उशिरा येणाऱ्याला नेमकं ‘पुट ऑफ’ मिळालं होतं. रोहतकचा एक लग्न झालेला गृहस्थ होता, मिशीवाला, अत्यंत सभ्य. त्याला ‘मेक आउट’ निघालं. त्याने त्याचे सगळे अर्थ पाहिले, त्यात चुंबनं घेण्याचाही एक होता, आणि दुसऱ्या दिवशी मॅडमकडे हात जोडून उभा राहिला. “मैडम, बदल दीजिए. घर में क्या बताऊंगा, क्या पढ़ रहा हूं?” मॅडमनी बदललं नाही.

मला ‘पिक अप’ निघालं. मी मनात म्हटलं, सुटले. पिक अप म्हणजे उचलणे, झालं की.

संध्याकाळी घरी येऊन बाबांची जाडजूड डिक्शनरी उघडली. दीड स्तंभ भरून अर्थ होते. मी मटकन खाली बसले. बाबांनी चष्मा लावला, पान वाचलं आणि कपाटातून एक कोरी सरकारी फाईल काढली. हिरवी, लाल नाडीची. “घाबरायचं काम नाही,” ते म्हणाले. “कितीही मोठं प्रकरण असो, नोंदी घातल्या की हातात येतं.”

मग रोज जेवणाआधी आमच्या घरात फाईल उघडली जाऊ लागली. बाबा समास सोडून, क्रमांक घालून लिहायचे. नोंद एक, जमिनीवर पडलेली वस्तू उचलणे. नोंद दोन, फोन उचलणे. नोंद तीन, कुणाला आणायला स्टेशनवर जाणे. नोंद चार, एखादी भाषा कानांवर पडून पडून येऊ लागणे. नोंद पाच, दुसऱ्याची सर्दी आपल्याला होणे. नोंद सहा, येता येता दुधाची पिशवी घेणे. नोंद सात, पडलेला धंदा वा खालावलेली प्रकृती सुधारणे. नोंद आठ, पोलिसांनी संशयिताला धरून नेणे. नोंद नऊ, अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे चालू करणे. अकराव्या नोंदीपाशी बाबांचं पेन थांबलं. अनोळखी व्यक्तीशी गोड बोलून ओळख वाढवणे, असा तो अर्थ होता. बाबांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘मुद्दा नाजूक. कृपया चर्चा करावी.’ ती चर्चा आजतागायत झालेली नाही.

आई मटार सोलत ऐकत असायची. एकदा तिला राहवलं नाही. “एवढं काय त्यात? आपल्याकडे ‘लागणं’ नाही का? भूक लागते, ठेच लागते, दार लागतं, वेड लागतं, पोरीला गाडी लागते. तुला कुणी फाईल करून शिकवलं का ते?”

“ते आपोआप येतं गं.”

“मग हेही येईल. नाहीच आलं, तर साताऱ्यात कुणी विचारणार नाही.” आणि ती आरशाकडे बघून हसली. आरशाच्या कडेचा केमिस्टही हसत होता.

आईच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तिने निम्मं सामान मनातल्या मनात बांधलंय, आणि त्या निम्म्या सामानात मी आहे, हे मला तेव्हा दिसलं.

भीतीचं असं असतं की तिला एकदा घरात जागा दिली की ती पाय पसरते. सकाळी पावणेसातला कंपनीची पांढरी व्हॅन क्वार्टरच्या फाटकापाशी यायची. तिला सगळे पिकअपच म्हणायचे. ‘तुम्हारा पिकअप कितने बजे है,’ वगैरे. हा अर्थ फाईलमध्ये बसत होता. पण ड्रायव्हर महिपालपूर मागे पडलं की मान मागे वळवून, रस्त्याकडे न बघता, मला सांगायचा, “इसका पिकअप देखो मैडम. मक्खन.” आणि व्हॅन अशी झेपावायची की माझी पाठ सीटला चिकटायची. हा अर्थ डिक्शनरीत नव्हता. मी डोळे मिटून सीटच्या दांडीला धरायचे आणि विचार करायचे, डिक्शनरीत नसलेले अजून किती असतील? साहेबांनी नेमका तोच विचारला तर?

मॅडम तर कुठेही गाठायच्या. जिन्यात, “पिक अप, वन!” लिफ्टमध्ये, “पिक अप, बिमारी वाला!” मला धसकाच बसला होता. घरचा फोन वाजला तरी मी आधी दचकायचे, मग उठायचे. आईने मला चमचा उचलायला सांगितला तर माझ्या डोळ्यांसमोर नोंद एक यायची, बाबांच्या अक्षरात. परीक्षेच्या आदल्या रविवारी आमच्या ओळखीची दोन-चार मराठी कुटुंबं डबे घेऊन पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला निघाली होती. इतर मराठी माणसांचं पानिपत होतं, आम्ही दिल्लीकर तिथे सहलीला जातो. मी गेले नाही. बाबा म्हणाले, “चल की, हवापालट होईल.” मी म्हटलं, “माझं इथेच होणार आहे, तिकडे कशाला जाऊ?”

परीक्षा दुपारी तीनला होती, तिकडे तेव्हा सकाळ. ऑफिसात कोपऱ्यात एक छोटी काचेची खोली होती. आत टेबल, खुर्ची आणि एक फोन. एकेकाने आत जायचं आणि बाकीच्यांनी काचेतून बघत बसायचं. आवाज बाहेर येत नव्हता, नुसते हलणारे ओठ दिसायचे. एकेक फोन साधारण आठ मिनिटांचा. ‘ब्रेक डाउन’ने आत जायच्या आधीच रडून घेतलं आणि मग हसत बाहेर आली. रोहतकचे गृहस्थ रुमालाने मिशी पुसत आले आणि म्हणाले, “कुछ नहीं पूछा. भगवान है.”

पाचवी मी. माझे तळहात इतके ओले होते की दाराची मूठ दोनदा निसटली.

फोन वाजला. मी उचलला. पलीकडून खरखरीत आवाजातले एक आजोबा बोलू लागले. त्यांचं मशीन मध्येच बंद पडलं होतं, आत सगळे शर्ट अडकले होते आणि उद्या त्यांना भाचीच्या लग्नाला जायचं होतं. मी बरोबर उत्तरं देत होते. मग त्यांनी विचारलं, कुणी येऊन मशीन घेऊन जाणार का? आणि त्यासाठी त्यांनी शब्द वापरला, पिक अप.

सगळ्यात साधा अर्थ. नोंद सहा, दुधाच्या पिशवीची. मॅडमच्या वर्गात ज्याला कुणी विचारलंही नसतं असा. पण सहा आठवडे मी त्या शब्दाला इतकी घाबरत होते की तो कानावर पडताच माझ्यातलं काहीतरी सुटलं. मी जी बोलत सुटले, ती थांबेचना. मशीन कधी नेणार, कोण येणार, शर्ट कसे काढायचे, भाचीला शुभेच्छा, सगळं एका श्वासात, महिपालपूरच्या व्हॅनच्या वेगाने. आजोबा दोनदा “सॉरी?” म्हणाले. मी दोनदा आणखी वेगाने सांगितलं. मग ते थँक यू, बाय म्हणाले. मी बाय म्हटलं.

आणि रिसीव्हर कानाला धरून बसून राहिले.

हे समजायला तुम्ही सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेलं असायला हवं. आमच्या घरी ऑफिसचा फोन होता. साहेबांचा फोन आला की बाबा उभं राहून बोलायचे. बोलणं संपलं तरी ते हलायचे नाहीत. पलीकडे साहेब रिसीव्हर ठेवत, त्याचा खट्ट आवाज येई, मग बाबा आपला ठेवायचे, तोही हळूच, बाळाला पाळण्यात घालावं तसा. मोठ्या माणसाआधी फोन ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही आजोबांशी, मावशीशी, शाळेच्या हेडमास्तरांशी असंच बोलत आलो. मॅडमनी वर्गात बजावलं होतं, बाय म्हणा आणि लगेच ठेवा, लाईन अडकवू नका. मी ते वहीत लिहून घेतलं होतं, खाली रेघही मारली होती. पण त्या क्षणी भीतीने सहा आठवड्यांचं शिकणं पुसून टाकलं आणि घरचं तेवढं शिल्लक राहिलं.

साहेबांनी फोन ठेवला नव्हता. त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं दूर गेली. मी वाट पाहिली. कुठेतरी पाणी उकळत होतं. मग कपात चमचा फिरला, बराच वेळ फिरला. काचेबाहेर सगळ्यांची बोटं तोंडात. मला इतका वेळ लागला म्हणजे साहेब काय काय विचारत असतील, या विचाराने ‘पुट ऑफ’ पांढरा पडला होता. मॅडम मात्र खूष होत्या. त्यांनी मला अंगठा दाखवला. मी हसायचा प्रयत्न केला. मला एवढंच कळत होतं की आपण ठेवता कामा नये, आणि आपण ठेवायला हवा, आणि आता जितका उशीर होईल तितकं वाईट.

पावलं परत आली. सोबत आणखी कुणीतरी होतं, एक बाई. तिने विचारलं, आत्ताची मुलगी कशी वाटली?

“नको,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता म्हातारा नव्हता. “येतं तिला सगळं. पण मशीनगन आहे ती. माझी आई असती तर फोन ठेवून रडली असती. नाही म्हणून लिही.”

कागद सरकल्याचा आवाजही मला ऐकू आला. पेनचा आला नाही, पण तोही आल्यासारखं वाटलं. ट्रक दिसला, गाद्यांच्या वळकट्या दिसल्या, त्यांच्या मधोमध मी, आणि आरशाच्या कडेचा फोटो माझ्या मांडीवर. गुपचूप फोन ठेवला असता तर मी ट्रकबरोबर सातारकर झाले असते. बोलले असते तर चोरून ऐकल्याचा गुन्हा. आमच्या घरात तो नापास होण्याहून मोठा होता.

“सर,” मी म्हटलं, “मी अजून इथेच आहे.”

पलीकडे कप बशीवर आपटला. “कोण?”

“वॉशिंग मशीन.”

मग त्यांनी विचारलं, “तू फोन का ठेवला नाहीस?”

“तुम्ही ठेवला नाहीत म्हणून.”

“मला वाटलं तू ठेवला असशील. मी टेबलावर ठेवून चहाला गेलो. म्हणजे तू सगळं ऐकलंस.”

माझी जीभ टाळ्याला चिकटली होती, शब्द एकेक करून सोडवावे लागत होते. “हो सर. तुम्ही चहात साखर घातलीत, तेही. तीनदा.”

“ते हळू बोल,” ते घाईघाईने म्हणाले. “मला बंद केलीय आणि बंद करणारी इथेच उभी आहे.” मागून त्या बाईंचा आवाज आला. काय म्हणाल्या कळलं नाही, पण सूर ओळखीचा होता, आमच्या स्वयंपाकघरातला.

मग मी फोन न ठेवण्याचं कारण सांगू लागले, त्यात बाबा आलेच, आणि साहेबांनी त्यांच्याबद्दल विचारलं. मी सांगितलं. उभं राहून बोलण्याचं, खट्टचं, सगळं. तोंड कोरडं असल्यामुळे सावकाश सांगितलं.

“आणि समजा, तुझ्या वडिलांचे साहेबही वाट बघत बसले तर?”

“त्यांच्या वर आणखी साहेब असतात, सर. कुठेतरी कुणीतरी ठेवतंच.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “आत्ता मला तुझा शब्द न् शब्द समजला. मघाशी असं का नाही बोललीस?”

“मघाशी भीती वाटत होती. आता तुम्ही ‘नाही’ लिहिलंय, आता कशाची भीती?”

हे मात्र खोटं होतं. मी तेव्हा आयुष्यात कधी नव्हते इतकी घाबरलेली होते.

“आता मी फोन ठेवतो,” ते म्हणाले, एकेक शब्द सुटा करून. “ऐकतेयस ना? ठेवतोय.” खट्ट. मी बाहेर आले तेव्हा घड्याळात मला आत जाऊन एकतीस मिनिटं झाली होती आणि माझ्या कानाची पाळी लाल होऊन सुजली होती.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर यादी लागली. त्यात मी नव्हते. नापासांच्या यादीतही नव्हते. मॅडमनी मला त्यांच्या टेबलापाशी बोलावलं, हातात तिकडून आलेला फॅक्स. “तूने उनको बोला क्या था?” त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वाचून दाखवलं. दुसऱ्यांचे फोन कान देऊन ऐकणारी, कोण कुठे अडखळतो, कोण कुठे घाई करतो, हे लिहून ठेवणारी माणसं लागतील. त्यासाठी या मुलीला घ्यावं. फोनवर बोलायला देऊ नये. शेवटच्या वाक्याखाली रेघ होती. नोकरी पक्की होती.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “म्हणजे व्हिजिलन्स.”

“तसंच काहीसं.”

“जपून गं. व्हिजिलन्सवाल्यांशी कुणी जेवायला बसत नाही.”

आईला वेगळीच शंका. “दिवसभर बोलायचं नाही? आणि तू? किती दिवस टिकशील?”

पण तिने त्याच आठवड्यात मावशीला पत्र लिहिलं. केमिस्टच्या फोटोसकट. मी टपाल टाकायला गेले तेव्हा पाकिटावरून फोटोचा टणक चौकोन बोटांना लागत होता.

बाबा निवृत्त झाले. मला मुनिरकात एक खोली मिळाली, विद्यार्थ्यांच्या गर्दीत, तिसऱ्या मजल्यावर. ट्रक यायच्या आदल्या सकाळी आई अंगणात भांडी मांडून बसली आणि दोन ढीग करू लागली. मोठी पातेली, परात, तांब्याचा हंडा साताऱ्याकडे. दोन ताटं, एक कढई, एक चहाचं पातेलं माझ्याकडे. मी उभी राहून बघत होते. सगळं नेहमीसारखं चाललं होतं, ती पुटपुटत होती, मी मध्ये मध्ये तिला चिडवत होते. मग तिने छोटा कुकर उचलला, त्याची शिट्टी काढून बघितली, रिंग बोटाने चाचपली, आणि तो माझ्या ढिगात ठेवला.

आमच्या घरात एकच छोटा कुकर होता. त्यात ती बाबांपुरता भात लावायची. मी म्हटलं, “अगं, हा तुला लागेल.”

“रिंग दर वर्षी बदल,” ती म्हणाली. “आणि शिट्टी झाली नाही तर झाकण उघडायला जाऊ नकोस. आधी गॅस बंद. मग थांब. थांबता येतं ना तुला?”

मी हो म्हटलं. मी कढीपत्त्याच्या झाडाला हात टेकवला आणि माझा चेहरा तिला दिसू नये म्हणून तिकडेच तोंड करून उभी राहिले, ती पुढचं भांडं उचलेपर्यंत.